मज्जारज्जू घडताना कॅल्शियम काय बोलतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅल्शियम म्हटलं की आपल्याकडे दूध, नाचणी आणि आजीचे गुडघे आठवतात. इथे ज्या कॅल्शियमबद्दल लिहिलंय ते मूलद्रव्य तेच, पण त्याचं काम निराळं. भ्रूणाच्या पाठीत मज्जारज्जू आकार घेत असतो, तेव्हा त्यातल्या कोवळ्या चेतापेशींमध्ये मधूनमधून कॅल्शियमची भरती येते आणि ओसरते. ही भरती किती वेळा आली, यावरून ती पेशी पुढे कोणतं रसायन वापरून बोलेल आणि तिचा तंतू किती वेगाने वाढेल हे बऱ्याच अंशी ठरतं. या विषयावर विद्यार्थी, पालक आणि काही डॉक्टर मंडळी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

मज्जारज्जू नेमका केव्हा तयार होतो?

फार लवकर. भ्रूणाच्या पाठीवर पेशींची एक चपटी पट्टी असते. तिच्या कडा उचलल्या जातात, पानाचा विडा वळावा तशी ती वळते आणि तिची नळी होते. हीच चेतानलिका. तिचा पुढचा भाग मेंदू होतो आणि मागचा मज्जारज्जू. माणसात गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत ही नळी मिटलेली असते, म्हणजे अनेक बायकांना आपण गरोदर आहोत हे नुकतंच कळलेलं असतं किंवा कळलेलंही नसतं. प्रयोगशाळेतल्या बेडकात हेच काम एका दिवसाच्या आत उरकतं.

पेशीच्या आत कॅल्शियमचा ‘संकेत’ म्हणजे काय?

पेशीच्या बाहेरच्या द्रवात कॅल्शियम भरपूर असतं, साधारण १ ते २ मिलिमोलर. आत मात्र ते जेमतेम १०० नॅनोमोलर. म्हणजे बाहेर आतल्यापेक्षा दहा हजार पटींहून जास्त. हा फरक टिकवण्यासाठी पेशी सतत पंप चालवते आणि त्यावर ऊर्जा खर्च करते. आत कॅल्शियम जास्त झालं तर ते फॉस्फेटशी जुळून साका धरतं, आणि पेशीचा ऊर्जेचा सगळा कारभार तर फॉस्फेटवर चालतो. त्यामुळे ही कंजुषी परवडणारी आहे.

पण एकदा बाहेर इतकं तुंबवून ठेवलं की त्याचा दुसरा उपयोग होतो. धरण भरलेलं असताना दरवाजे फूटभर उचलले तरी नदीकाठच्या गावांत भोंगा वाजतो आणि सगळे हालचाल करू लागतात. पेशीपटलातले कॅल्शियम चॅनल, म्हणजे कॅल्शियम आत सोडणारी प्रथिनांची दारं, क्षणभर उघडले की आतलं प्रमाण काही पटींनी चढतं. कॅल्मोड्युलिनसारखी प्रथिनं कॅल्शियमला धरतात, त्यांचा आकार बदलतो आणि पुढे एन्झाइम, जनुकं, पेशीचा सांगाडा अशी साखळी हलते. पेशीच्या आतही कॅल्शियमची कोठारं असतात. बाहेरून आलेलं थोडं कॅल्शियम त्या कोठारांची दारं उघडतं आणि संकेत मोठा होतो.

हे शोधलं कुणी? आणि बेडूकच का?

या कथेतलं मुख्य नाव निकोलस स्पिट्झर, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतले. १९७६ साली त्यांनी आणि जॅनेट लँबोरगिनी यांनी बेडकाच्या भ्रूणातल्या चेतापेशी काचेच्या बशीत वाढवल्या आणि त्यांच्या विद्युत्स्पंदनांचा, म्हणजे ॲक्शन पोटेन्शियलचा, मागोवा घेतला. पाठ्यपुस्तकात आपण वाचतो की हे स्पंदन सोडियम आत शिरल्यामुळे होतं आणि एक-दोन मिलिसेकंदांत संपतं. कोवळ्या पेशीत तसं नव्हतं. तिथे स्पंदन प्रामुख्याने कॅल्शियमवर चालत होतं आणि कितीतरी जास्त वेळ रेंगाळत होतं. साधारण दिवसभरात पेशी वयात आली की तेच स्पंदन सोडियमचं आणि चुटकीसरशी संपणारं झालं.

हे वाचून कुणी म्हणेल, बरं, लहानपणी वेगळं आणि मोठेपणी वेगळं, त्यात काय एवढं? पण स्पिट्झर यांना प्रश्न पडला की ज्या पेशीची कुणाशी जोडणीच झालेली नाही, ती हे महागडं कॅल्शियम आत घेतेच कशाला? पुढची तीस-पस्तीस वर्षं त्यांची प्रयोगशाळा याच प्रश्नामागे होती.

बेडकाचं म्हणाल, तर हा आपल्या विहिरीतला बेडूक नव्हे. झेनोपस लेव्हिस हा दक्षिण आफ्रिकेतला, मागच्या पायांना नख्या असलेला आणि जन्मभर पाण्यात राहणारा बेडूक. १९३० च्या दशकापासून कित्येक वर्षं तो गर्भचाचणीसाठी वापरला जायचा. बाईची लघवी मादीला टोचायची, ती गरोदर असेल तर मादी काही तासांत अंडी घालायची. या कारणाने तो जगभरच्या प्रयोगशाळांत पोचला आणि संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन बारा महिने अंडी मिळवता येतात म्हणून तिथेच राहिला. अंडी मोठी असतात आणि भ्रूण आईच्या पोटात नसून उघड्यावर वाढतो. शिवाय भ्रूणाच्या प्रत्येक पेशीत बलकाची शिदोरी असते, त्यामुळे ती वेगळी काढून साध्या मिठाच्या द्रावणात ठेवली तरी वाढत राहते. बाहेरून काही खायला-प्यायला घालावं लागत नाही, म्हणून बाहेरून कुठलं रसायन येऊन निकाल बिघडवण्याची भीतीही कमी.

‘स्पाइक’ आणि ‘वेव्ह’ यांत फरक काय?

स्पिट्झर यांच्या प्रयोगशाळेतल्या शिओनान गू यांनी १९९४ मध्ये दाखवलं की या पेशींत दोन तऱ्हांची भरती येते. स्पाइक झपाट्याने चढते आणि अख्ख्या पेशीत पसरते. तिच्यामागे कॅल्शियमचं विद्युत्स्पंदन असतं आणि आतल्या कोठारांचा हातभार. वेव्ह सावकाश चढते, तिची उंची कमी असते आणि ती बहुतेक वेळा वाढत्या तंतूच्या टोकाशी दिसते. नेहमीचे विद्युत-चॅनल बंद केले तरी ती थांबत नाही.

दोन्ही आपल्या ओळखीच्या चेतास्पंदनापेक्षा फार संथ असतात. प्रौढ चेतापेशीचं स्पंदन मिलिसेकंदात संपतं. ही भरती त्याच्या सुमारे दहा हजार पट लांबीची, म्हणजे काही सेकंदांपासून पुढे. बशीत वाढवलेल्या पेशीत स्पाइक तासाला तीनेक येतात. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलात तर बराच वेळ काहीच होत नाही. एवढ्यामुळेच या गोष्टी पुष्कळ वर्षं निसटल्या असाव्यात असं मला वाटतं. विद्युत-मापन करणारे लोक मिलिसेकंदांत विचार करतात, त्यांना तासात मोजायची सवय नसते.

संदेश प्रमाणात नसून तालात असतो, असं म्हणतात. ते सिद्ध कसं केलं?

मोबाइलचे दर जास्त होते त्या काळात आपण मिस्ड कॉलची भाषा तयार केली होती. एक दिला तर ‘पोचलो’, दोन दिले तर ‘खाली ये’. फोन उचलायचाच नाही, शब्द एकही नाही, पण निरोप पोचायचा. पेशीतही काहीसं असंच चालतं.

१९९५ मध्ये गू आणि स्पिट्झर यांनी तीन टप्प्यांत काम केलं. आधी बाहेरचं कॅल्शियम काढून घेतलं. भरती बंद झाली आणि पेशी अर्धवट वाढल्या. जीएबीए हा न्यूरोट्रान्समीटर, म्हणजे चेतापेशी ज्या रसायनांनी बोलतात त्यांपैकी एक, पुरेशा पेशींत दिसेना आणि पोटॅशियम चॅनल वयात येईनात. मग त्यांनी ठरावीक अंतराने थोडा थोडा वेळ कॅल्शियम देऊन बनावट भरती आणली. नैसर्गिक स्पाइकच्या तालात दिली तेव्हा जीएबीए आणि चॅनल दोन्ही मार्गी लागले. वेव्हच्या तालात दिली तेव्हा तंतूच्या वाढीचा वेग नेहमीसारखा झाला. आणि शेवटी पेशीच्या आत कॅल्शियम शोषून घेणारं रसायन भरून दाखवलं की ही भरती खरोखर गरजेची आहे, नुसती सोबतीला नाही.

म्हणजे एकाच पेशीत एकाच आयनाच्या दोन ताना, आणि दोघींची कामं वेगळी. मला या सगळ्या विषयातला हा प्रयोग सर्वांत देखणा वाटतो, कारण त्यात यंत्रसामग्रीपेक्षा युक्ती जास्त आहे. द्रावण बदलत राहायचं, घड्याळ बघत.

ही भरती पुढे थांबते कशी?

इथे एक गंमत आहे. स्पाइकमुळे जी कामं पार पडतात त्यांपैकी एक म्हणजे पोटॅशियम चॅनलची वाढ. हे चॅनल वाढले की विद्युत्स्पंदन लवकर आटोपतं. ते लवकर आटोपलं की कॅल्शियमला आत यायला वेळच मिळत नाही आणि स्पाइक बंद पडतात. इमारत उभी राहिली की परांची उतरवतात तसं, फक्त इथे परांचीच आपली आपण उतरते.

हे सगळं ठरावीक मुदतीत व्हावं लागतं. १९८९ मध्ये अँजेलिस रिबेरा आणि स्पिट्झर यांनी जनुकांची नक्कल होण्याची क्रिया सुरुवातीचे काही तास रोखून पाहिली. नंतर अडथळा काढून घेतला, तरी पोटॅशियम चॅनलची राहिलेली वाढ भरून निघाली नाही.

कोणता न्यूरोट्रान्समीटर वापरायचा हे जनुकं ठरवत नाहीत का?

आम्ही शिकत होतो तेव्हा उत्तर सरळ होतं: ठरवतात. मज्जारज्जूत कोणती पेशी कुठे बसली आहे त्यावरून तिच्यात कोणती नियामक जनुकं चालू होतील हे ठरतं, आणि त्यांवरून ती स्नायूंना हुकूम देणारी होईल, स्पर्श जाणणारी की मधली दुवा साधणारी. हे आजही खरं आहे. पण ते अपुरं आहे.

२००४ मध्ये लॉरा बोरोडिन्स्की, स्पिट्झर आणि सहकाऱ्यांनी जिवंत बेडूकभ्रूणातच कॅल्शियमच्या स्पाइक कमी-जास्त करून पाहिल्या. काही भ्रूणांत पोटॅशियमचे जादा चॅनल घालून पेशी ‘थंड’ केल्या, म्हणजे स्पाइक कमी केल्या; काहींत सोडियमचे जादा चॅनल घालून त्या ‘तापवल्या’, म्हणजे स्पाइक वाढवल्या. थंड केलेल्या मज्जारज्जूत ग्लुटामेट आणि ॲसिटिलकोलीन बनवणाऱ्या पेशी वाढल्या, म्हणजे समोरच्याला चेतवणारी रसायनं. तापवलेल्या मज्जारज्जूत जीएबीए आणि ग्लायसिन बनवणाऱ्या पेशी वाढल्या, म्हणजे शांत करणारी. आणि पेशींची ओळख सांगणारी जी नियामक प्रथिनं होती ती जिथल्या तिथे होती. जात तीच, भाषा बदलली.

याची दिशा नीट पाहा. गडबड कमी झाली तर चेतवणारे वाढतात, गडबड वाढली तर शांत करणारे. घरात सगळेच बोलायला लागले की कुणीतरी ‘जरा हळू’ म्हणणारा निघतो आणि सगळेच गप्प बसले की कुणीतरी विषय काढतो. जाळं पूर्ण व्हायच्या आधीच मज्जारज्जू आपला तोल सांभाळायला लागलेला असतो.

मग स्नायूंचं काय? चेतापेशीने रसायन बदललं तर समोरचा स्नायू ते ऐकणार कसा? २००७ मध्ये बोरोडिन्स्की आणि स्पिट्झर यांनी दाखवलं की कोवळ्या स्नायूपेशींवर सुरुवातीला ॲसिटिलकोलीनबरोबर ग्लुटामेट, जीएबीए आणि ग्लायसिन यांचेही रिसेप्टर, म्हणजे ती रसायनं ओळखणारी प्रथिनं, असतात. नंतर समोरून जे रसायन येतं त्याचे टिकतात, बाकीचे मावळतात. लहान मूल सगळ्या भाषांचे आवाज ऐकू शकतं आणि घरात बोलली जाते तीच पुढे राहते, तशातला प्रकार.

कॅल्शियम आणि जनुकं यांच्यामधला दुवाही काही प्रमाणात हाती लागला आहे. टीएलएक्स-३ नावाचं एक नियामक जनुक पेशीला ग्लुटामेटकडे ढकलतं. कॅल्शियमच्या स्पाइक सीजून या प्रथिनामार्फत त्या जनुकावर लगाम घालतात आणि पेशी जीएबीएकडे झुकते. २०१० मधलं हे काम आहे. ‘जनुकं की परिसर’ हा वाद मला तेव्हापासून निरर्थक वाटतो. परिसराचा हात इथे थेट जनुकाच्या खटक्यावर पडलेला दिसतो.

मज्जारज्जूत पेशीची जागा ठरवणाऱ्या रसायनांशी याचा संबंध आहे का?

आहे, आणि तो अलीकडे उलगडला. भ्रूणाच्या पोटाकडच्या बाजूने सॉनिक हेजहॉग नावाचं प्रथिन पसरतं, पाठीकडच्या बाजूने बीएमपी गटातली प्रथिनं. पेशी यांच्या प्रमाणावरून आपली जागा ओळखते. बोरोडिन्स्की यांच्या प्रयोगशाळेने २०११ मध्ये दाखवलं की सॉनिक हेजहॉग कॅल्शियमच्या स्पाइक वाढवतं. पुढच्या वर्षी बीएमपी आणि विद्युत हालचाल यांची सांगड दाखवली. म्हणजे नकाशा आणि ताल ही दोन वेगळी खाती नव्हेत, ती एकमेकांच्या वह्या बघून हिशेब लिहितात.

जीएबीए तर शांत करणारा. मग तो भ्रूणात पेशींना चेतवतो असं का लिहितात?

कारण कोवळ्या पेशीच्या आत क्लोराइड जास्त असतं. जीएबीएमुळे क्लोराइडचे चॅनल उघडतात. प्रौढ पेशीत त्यातून क्लोराइड आत येतं आणि पेशी शांत होते. कोवळ्या पेशीत ते बाहेर पडतं आणि पेशी चेतते. पुढे क्लोराइड बाहेर फेकणारा पंप वाढला की खेळ उलटतो. रसायन तेच, फक्त घराचा उतार बदलतो.

तंतूच्या टोकाला वाट सापडते, त्यात कॅल्शियम कुठे येतं?

चेतापेशीचा लांब तंतू, म्हणजे अक्षतंतू, वाढतो तो टोकाकडून. या टोकाला ग्रोथ कोन म्हणतात. त्याला बोटांसारखे बारीक फाटे असतात आणि तो अंधारात भिंत चाचपत जाणाऱ्या माणसासारखा पुढे सरकतो.

१९९९ मध्ये टिमोथी गोमेझ आणि स्पिट्झर यांनी बेडकाच्या जिवंत मज्जारज्जूतच हा प्रवास पाहिला. ज्या टोकात कॅल्शियमची भरती वारंवार येते ते हळू वाढतं, जिथे क्वचित येते ते भरभर. प्रकाशाच्या झोताने कॅल्शियम शोषणारं रसायन मोकळं केलं तर तंतू धावू लागला. झोताने कॅल्शियमच मोकळं केलं तर धावणारा तंतू मंदावला. भरतीचा ताल पेशीच्या प्रकारानुसार आणि वाटेतल्या जागेनुसार बदलत होता. जिथे टोक थबकतं किंवा मागे घेतं, तिथे तो वाढलेला होता. आपल्याकडे गाव आलं की गतिरोधक येतो, तसं.

वळण्याचं काम आणखी बारीक आहे. टोकाच्या एका बाजूला कॅल्शियम वाढवलं तर ते सहसा त्या बाजूला वळतं, असं २००० साली बेडकाच्याच मज्जारज्जूतल्या पेशींवर दिसलं. पण बाहेरचं कॅल्शियम काढून टाकून तोच प्रयोग केला तर ते उलट दिशेला वळलं. एकच खूण, परिस्थितीप्रमाणे ‘इकडे ये’ किंवा ‘तिकडे जा’.

या टोकाचा सांगाडा कसा हलतो यावर पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत अर्णब घोष यांच्या प्रयोगशाळेत काम चालतं. त्यांनी कोंबडीच्या भ्रूणातल्या मज्जारज्जूच्या पेशी वापरून फॉर्मिन-२ हे प्रथिन त्या बोटांना आधार कसं देतं ते दाखवलं. कॅल्शियमच्या संकेतांवर बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन केंद्रात गैती हसन यांनी दीर्घकाळ काम केलं आहे, मात्र ते फळमाशीत.

बेडकात जे खरं ते कोंबडीत, माशात, माणसात खरं आहे का?

तत्त्व बरंचसं, तपशील नाही.

कोंबडीचा भ्रूण अंड्यात साडेतीन-चार दिवसांचा झाला की वळवळायला लागतो. व्हिक्टर हँबर्गर यांनी १९६० च्या दशकात दाखवलं की बाहेरून कुठलीही संवेदना पोचत नसली तरी पायांची ही हालचाल चालू राहते. म्हणजे मज्जारज्जू स्वतःच ठेका धरतो. लिन लँडमेसर आणि गार्ट्झ हॅन्सन यांनी २००४ मध्ये औषध देऊन हा ठेका मंद केला, तेव्हा पायाकडे निघालेले तंतू चुकले. वरच्या बाजूच्या स्नायूंकडे जायचे ते खालच्या बाजूला गेले. २००६ मध्ये त्यांनी ठेका जलद केला, तेव्हाही तंतू चुकले, पण चूक वेगळी होती. आपापल्या स्नायूचा जथा धरून जायचं तेच बिघडलं.

झेब्राफिश हा दुसरा लाडका प्राणी, आणि तो मूळचा आपल्याच उपखंडातला. त्याच्या भ्रूणात साधारण १७ तासांपासून शेपूट आपोआप एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळू लागते. मज्जारज्जूतल्या पेशी आधी एकेकट्या, वाटेल तेव्हा उजळतात. मग काही तासांतच एका बाजूच्या सगळ्या एकत्र आणि दोन्ही बाजू आलटून पालटून. ढोलपथकाच्या पहिल्या दिवसाच्या सरावात असतं तसं: आधी प्रत्येकाचा टोल वेगळा, आणि मग एका क्षणी सगळ्यांचा एक होतो.

माणसाच्या गर्भाची पहिली हालचाल सोनोग्राफीत सातव्या-आठव्या आठवड्यात दिसते. आईला बाळ फिरल्याचं कळतं ते बऱ्याच नंतर, सोळा ते वीस आठवड्यांत. माणसाच्या गर्भातल्या एकेका पेशीत कॅल्शियमचा ताल मोजणं शक्य नाही आणि योग्यही नाही. त्यामुळे ‘माणसातही असंच होतं’ असं ठणकावून सांगणाऱ्यापासून थोडं सावध राहावं.

कॅल्शियम डोळ्यांना दिसतं कसं?

ते चमकतं म्हणून. आधीची पायरी जेलीफिशची: ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एक्वोरिन वेगळं केलं, जे कॅल्शियम मिळालं की प्रकाश देतं. रॉजर त्सिएन यांनी १९८० च्या दशकात फ्युरा-२ आणि फ्लुओ-३ असे रंग तयार केले. ते पेशीत भरायचे, कॅल्शियम चढलं की त्यांची चमक बदलते. वर सांगितलेलं बेडकांवरचं सुरुवातीचं बरंच काम फ्लुओ-३ वर झालं. २००१ मध्ये जपानमधल्या जुनिची नाकाई यांच्या गटाने जीकॅम्प हे प्रथिन बनवलं. ते जनुकातूनच पेशीत घालता येतं, म्हणजे पेशी स्वतःच स्वतःचा रंग बनवते. शिमोमुरा आणि त्सिएन यांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मार्टिन चाल्फी यांच्याबरोबर मिळालं, ते हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनासाठी.

गरोदरपणात कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या तर बाळाच्या चेतापेशी चांगल्या होतील का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. नाही, असा थेट संबंध जोडू नका. रक्तातलं कॅल्शियम शरीर काटेकोरपणे एका पातळीवर ठेवतं. कमी पडलं तर आईच्या हाडांतून काढतं. वर जो संकेत पाहिला तो पेशीच्या दाराशी ठरतो, दाराबाहेर तर कॅल्शियम नेहमीच पुरेसं असतं. भोंगा धरणात दोन बादल्या जास्त ओतल्याने वाजत नाही.

गोळ्या मात्र डॉक्टरांनी दिल्या असतील तर जरूर घ्या. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दुसऱ्या तिमाहीपासून रोज एकूण १ ग्रॅम कॅल्शियम देतात. त्यामागचं कारण आईचा रक्तदाब वाढून होणारे गंभीर त्रास टाळणं, हे आहे. लोहाची गोळी आणि ही गोळी एकाच वेळी घेऊ नका, लोह नीट शोषलं जात नाही.

चेतानलिका मिटण्यासाठी ज्याचा ठोस पुरावा आहे ते फोलिक ॲसिड. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलच्या चाचणीत, ज्या बायकांच्या आधीच्या बाळाला हा दोष होता त्यांच्यात, त्याने पुढचा धोका ७२ टक्क्यांनी कमी केला. नळी २८ दिवसांत मिटते हे लक्षात घेता ही गोळी गर्भ राहण्याच्या आधीपासून सुरू व्हायला हवी. आपल्याकडे ती ‘दिवस गेल्यावर’ सुरू होते, हे दुखणं आहे.

मिरगीच्या औषधांचा याच्याशी काय संबंध?

मिरगीची बरीच औषधं पेशींची विद्युत हालचाल कमी करतात. व्हॅल्प्रोएट गर्भारपणात घेतलं तर पाठीचा कणा उघडा राहण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बोरोडिन्स्की यांच्या गटाने २०१८ मध्ये बेडकांत दाखवलं की नळी मिटण्यासाठी ग्लुटामेटच्या एका प्रकारच्या रिसेप्टरमार्फत येणारे संकेत लागतात, आणि व्हॅल्प्रोएटने होणाऱ्या दोषाशी त्याचा संबंध आहे. पण हे वाचून कुणीही औषध मनाने बंद करू नये. झटका आला तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. मूल हवं असेल तर आधीच न्यूरॉलॉजिस्टशी बोला. औषध बदलता येतं, मात्रा जुळवता येते.

अपघातात तुटलेला मज्जारज्जू या ज्ञानाने जोडता येईल का?

आज नाही. ‘स्टेमसेलने चालता करतो’ असं सांगून लाखो रुपये घेणाऱ्या जाहिराती पाहिल्यात तर त्यांच्याकडे हे किंवा दुसरं कुठलंही सिद्ध उत्तर नाही, एवढं ध्यानात ठेवा. भ्रूणात जो ताल पेशीला घडवतो तो प्रौढ, जखमी ऊतीत तसाच वाजवला तर काय होईल हा संशोधनाचा प्रश्न आहे. बेडूकमाशाची शेपूट तुटली तर आतल्या मज्जारज्जूसकट ती पुन्हा येते, म्हणून तिथे हा शोध घेणं सोपं जातं. माणसाची पाठ म्हणजे बेडूकमाशाची शेपूट नव्हे.

शाळा-कॉलेजात यातलं काही प्रत्यक्ष बघता येईल का?

कॅल्शियमची चमक नाही, त्याला महागडा सूक्ष्मदर्शक लागतो. पण मज्जारज्जू स्वतःहून ठेका धरतो, तो क्षण बघता येतो. मासळीघरात ‘झेब्रा’ म्हणून विकतात ते पट्टेरी मासे आणा. नर-मादी रात्रभर एका टाकीत ठेवा, तळाशी जाळी किंवा काचेच्या गोट्या टाका, नाहीतर ते आपलीच अंडी खातात. पहाटे दिवा लागला की ती अंडी घालतात. अंडी काचेसारखी पारदर्शक असतात. ती स्वच्छ, क्लोरीन नसलेल्या पाण्यात २८ अंशांच्या आसपास ठेवा आणि साध्या भिंगाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहा. सकाळी सातला अंडी मिळाली असतील तर पहिली वळवळ मध्यरात्रीच्या सुमारास होते. एक शिक्षक आणि थर्मासभर चहा सोबत ठेवा. शेपूट आधी एकदाच हलते, आणि हललं की भास झाला हे ठरवेपर्यंत दुसऱ्या बाजूला हलते.